दिवाळीत अंडी का थांबली? धायरीतल्या एका गच्चीवरच्या लाव्ह्यांचं प्रकरण

भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनांत पेन्सिलीने आकडे लिहिलेले होते. 4 नोव्हेंबर, 20. 8 नोव्हेंबर, 19. 12 नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन, 13. भाऊबीजेला 8. 20 तारखेला 4. पुढच्या दोन चौकोनांत आकडा नव्हता, नुसती रेघ ओढलेली. ही 2023 सालची गोष्ट. पुण्याच्या धायरीत आमच्या मागच्या गल्लीत एक दुमजली घर आहे. त्याच्या गच्चीवर लाव्ह्यांच्या, म्हणजे इंग्रजीत क्वेल म्हणतात त्या पक्ष्यांच्या, 23 माद्या होत्या. दिसायला धडधाकट, खाणं-पिणं व्यवस्थित, पण अंडी देईनात.

मला बोलावलं, कारण मी पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक होतो. निवृत्त झालो तरी गल्लीत नाव ‘डॉक्टर’च. नोकरीभर माझा हात गाई-म्हशींच्या अंगावरून फिरला, कोंबड्यांना लसी टोचल्या, पण लाव्हे मी कधी पाळले नव्हते. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी चुकलो, आणि चुकलो तो यामुळेच.

घरात चार माणसं. नवरा भोसरीत कंपनीत. बायको, म्हणजे ताई, डबे करते, नऱ्हे-आंबेगावच्या कॉलेजांतल्या मुलांचे चाळीसेक. सासूबाई वेल्ह्याकडच्या, पंचाहत्तरीच्या. मुलगी सातवीत. गच्चीवर पत्र्याची एक खोली, तिथे डब्यांचा स्वयंपाक, आणि त्या खोलीच्या खिडकीला लागून जाळीचे दोन मजली पिंजरे.

पिल्लं आली ती 20 जुलैला, एका दिवसाची, 60. लाव्ह्याचं पिल्लू सात-आठ ग्रॅमचं असतं. बोटाच्या पेरावर बसेल एवढं. त्याला पहिल्या आठवड्यात 35 ते 37 अंश ऊब लागते, आणि पुण्यात जुलैत गच्चीवर वारा असा असतो की माणसाने शाल घ्यावी. त्यांनी खोक्यात बल्ब टांगला होता, तो बरोबर होता. वीज जाईल हे धरलं नव्हतं. दहा दिवसांत नऊ पिल्लं गेली: चार एका रात्री थंडीने, तीन पाण्याच्या भांड्यात बुडून, दोन पाय फाकून. बुडणं टाळायला भांड्यात गोट्या टाकायच्या, म्हणजे चोच जाते आणि पिल्लू जात नाही. पाय फाकतात ते खाली गुळगुळीत वर्तमानपत्र घातलं की. गोणपाट घातलं असतं तर ती दोन वाचली असती. हे सगळं त्यांना नंतर कळलं. मला विचारलं असतं तर मी तरी सांगितलं असतं का, शंकाच आहे.

उरले 51. तीन आठवड्यांनी छातीवरची पिसं उतरली आणि नर-मादी ओळखू आले. नराची छाती विटकरी, एकरंगी. मादीची फिकी, त्यावर काळे ठिपके. मोजले तर 27 नर, 24 माद्या. घरात जरा निराशा झाली, पण न निवडलेली पिल्लं घेतली की निम्मे नर येणारच. ते मांसासाठी, असा हिशेब आधीच ठरला होता.

हिशेब अडला तो पंचांगात. लाव्ह्याचा नर पाच आठवड्यांत कापायला तयार होतो, म्हणजे 24 ऑगस्टला. 2023 साली अधिक श्रावण होता. तो 18 जुलैला लागला, त्यामागून निज श्रावण, आणि घरात सासूबाई. पिल्लं आणली तेव्हाच श्रावण सुरू झालेला होता, पण पाच आठवडे पुढे मोजून कुणी बघितलं नाही. नर 24 ऑगस्टपासून नुसते खात बसले. एक मोठा पक्षी दिवसाला 25 ग्रॅमच्या आसपास खातो. 27 नर, 24 दिवस: 16 किलो खाद्य, ज्याचं मांस जवळजवळ काहीच वाढलं नाही. श्रावण संपला तो शुक्रवारी. सोमवारी हरतालिका, मंगळवारी गणपती. मधला एकच रविवार मोकळा, 17 सप्टेंबर.

कापणार कोण, हा प्रश्न त्या सकाळपर्यंत कुणी काढलाच नव्हता. नवऱ्याने सुरी हातात घेतली आणि खाली ठेवली. मुलगी आदल्या रात्रीच मावशीकडे निघून गेली होती. तिने नावं ठेवली होती, आणि नाव ठेवलेला पक्षी ताटात येत नाही, हे घरातल्या कुणी तरी ओळखायला हवं होतं. शेवटी आजी पाटावर बसल्या, पदर खोचला आणि तासाभरात 25 पक्षी उरकले. पिसं उपटत बसल्या नाहीत, कातडीसकट काढली. एवढ्याशा पक्ष्याला तेच सोपं पडतं. पंचवीस नरांचं मिळून स्वच्छ मांस भरलं पावणेतीन किलो. रस्सा झाला, चव उत्तम होती, माझ्याकडेही वाटी आली. पण 27 पक्षी आठ आठवडे पोसून पावणेतीन किलो, हा आकडा ऐकून नवऱ्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

दोन नर आजींनी मुद्दाम राखले. त्यांचं म्हणणं, मादी खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसेल, घरचीच पिल्लं निघतील. आजी वाट बघत राहिल्या. पाळीव लाव्ही खुडूक बसत नाही. पिढ्यान्‌पिढ्या यंत्रात उबवून तिची ती सवयच गेली आहे. चालता चालता तुसात अंडं टाकते आणि मागे वळून पाहत नाही. पिल्लं हवी तर उबवणी यंत्र, 17-18 दिवस. खायच्या अंड्यांसाठी नर लागतच नाही. त्या दोघांनी एकच काम चोख केलं, पहाटे घोगऱ्या आवाजात ओरडून शेजाऱ्यांना उठवणं.

शेजाऱ्यांनी मग धमकी दिली, वनखात्याला कळवतो. ही धमकी अगदीच हवेतली नव्हती, म्हणून दोन ओळी. आपल्याकडे सासवड-जेजुरीच्या माळांवर जे लाव्हे उडतात, ते जंगली. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना पकडणं, मारणं, विकणं गुन्हा आहे. घरी पाळतात तो जपानी लाव्हा. तो 1974 साली अमेरिकेतून उत्तर प्रदेशातल्या इज्जतनगरला आणला आणि तिथल्या संशोधनातून देशभर पसरला. 2011 साली केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने जपानी लाव्ह्यालाही त्याच कायद्याखाली धरलं आणि नव्या फार्मना मनाई केली. पोल्ट्रीवाल्यांची धावपळ झाली. 2013 च्या शेवटी ती अडचण दूर झाली, जपानी लाव्हा पाळीव पक्षी मानला गेला. आजी मात्र हे ऐकून म्हणाल्या, “डॉक्टर, आमच्या लहानपणी भातखाचराच्या बांधावर हाच पक्षी होता.” हाच नव्हता, पण त्याचा चुलतभाऊ होता. मी वाद घातला नाही. ताईंना एवढंच सांगितलं की पिल्लांची पावती जपून ठेवा, आणि विष्ठेचे ट्रे दिवसाआड काढा, कारण शेजाऱ्यांना खरा त्रास वासाचा आहे. खाद्यात प्रथिनं जास्त, म्हणून विष्ठेला अमोनियाचा दर्प येतो. ट्रे नियमित निघू लागले आणि दोन नर गावी पाठवले, तशी वनखात्याची आठवणही शेजाऱ्यांना राहिली नाही.

तर अंडी. पहिलं अंडं पडलं 6 सप्टेंबरला, गोकुळाष्टमीला, पक्षी 48 दिवसांचे असताना. काळे-तपकिरी डाग पडलेलं, दहा ग्रॅमचं. श्रावणामुळे ते देवघराजवळच्या वाटीत तसंच राहिलं. ऑक्टोबरच्या मध्याला 24 माद्यांची रोज 20-21 अंडी. आकडा मोठा वाटतो. पण लाव्हीची पाच अंडी म्हणजे कोंबडीचं एक. 20 अंडी म्हणजे घरात रोज चार कोंबडीची अंडी, आणि त्यासाठी माद्या खाणार साडेसहाशे ग्रॅमच्या पुढे. कोंबडी तेवढ्याच वजनाची अंडी पाऊण हिस्सा खाद्यात देते. लाव्ह्यांचा फायदा वेगळा: जागा कमी, सातव्या आठवड्यात अंडं सुरू, आणि डब्यावरची मुलं उकडलेली सहा अंडी आवडीने जास्तीचे पैसे देऊन घेत होती. ही अंडी खाऊन दमा जातो नि डोळे सुधारतात असं लोक सांगतात, त्यावर माझा विश्वास नाही.

आता 22 नोव्हेंबरकडे येतो. सकाळी दहाला गेलो, ट्रे पाहिला, एकही अंडं नाही. मी गंभीर चेहरा केला. ताई हसल्या. “काका, ह्या संध्याकाळी घालतात. चार ते सहा.” कोंबडी सकाळी घालते, तेच डोक्यात धरून मी गेलो होतो. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

पक्षी एकेक हातात घेतला. डोळे स्वच्छ, नाकात स्राव नाही, विष्ठा घट्ट, पांढरी टोपी असलेली, श्वास मोकळा. वजन स्वयंपाकाच्या काट्यावर 190 ते 220 ग्रॅम, मादीला योग्यच. आठ-नऊ पक्ष्यांच्या मानेमागची पिसं उपटलेली, दोघींना रक्त. शेपटीखाली पाहिलं तर अंड्याची वाट आखडलेली आणि कोरडी. अंडी घालणाऱ्या मादीची ती मोठी, ओलसर असते. म्हणजे अंडी कुणी खात नव्हतं, उंदीर पळवत नव्हता. आतूनच दुकान बंद झालं होतं.

चौकशीत दोन गोष्टी निघाल्या. एक, लक्ष्मीपूजनाच्या रात्री शेजारच्या गच्चीवर माळ लागली. लाव्हा घाबरला की कोंबडीसारखा पळत नाही, सरळ वर उसळतो. पिंजरा दीड फुटी, वर कडक जाळी. सकाळी एक मादी डोकं फुटून मेलेली सापडली. 24 च्या 23 त्या दिवशी झाल्या. दोन, 2 नोव्हेंबरला खाद्य बदललं होतं. आधी ब्रॉयलरचं स्टार्टर, म्हणजे मांसाच्या कोंबड्यांच्या पिल्लांचं खाद्य, आणि वरून शिंपल्याचा चुरा चालू होता. पोतं संपलं, दुकानदार म्हणाला, अंड्याचे पक्षी आहेत तर लेअर मॅशच द्या, स्वस्तही पडेल. दुकानदाराचं तर्कशास्त्र बिनचूक, पक्षी चुकीचा. लेअर मॅशमध्ये प्रथिनं 16-18 टक्के, कोंबडीला पुरेशी. अंड्यावरच्या लाव्हीला 20 टक्क्यांच्या आसपास लागतात. प्रथिनं कमी पडली की पक्षी एकमेकांची पिसं खातात. मला उपटलेल्या माना दिसल्याच होत्या. मी छाती ठोकून सांगितलं, खाद्य. फटाक्यांचा धक्का आठवडाभरात ओसरतो, खाद्य परत बदला, दहा दिवसांत आकडा चढेल.

पिंजऱ्याच्या छताला आतून गोणपाट ताणून बांधलं, खाद्य बदललं. पिसं उपटणं थांबलं. जखमी दोघींपैकी एक गेली, उरल्या 22. आणि अंडी? 3 डिसेंबरला 5. 20 तारखेच्या 4 वर माझ्या दहा दिवसांत एका अंड्याची कमाई. ताई काही बोलल्या नाहीत, पण कॅलेंडर माझ्यासमोर धरलं. नवरा म्हणाला, “काका, औषधाचं काही बघायचं का?” औषध कशाचं देणार? मी औंधच्या रोगनिदान प्रयोगशाळेत पक्षी नेण्याचा विचार केला. पण दोन-चार पक्षी पटापट मेले असते, मरगळले असते, तर नेण्यात अर्थ. इथे सगळे टुणटुणीत.

उत्तर मिळालं ते फिरायला जाताना. मी पहाटे पाचला निघतो, त्या गल्लीतून. 5 डिसेंबरला त्या घराखालून जाताना ठेच लागली, कारण अंधार होता. मी दगडाला शिवी दिली, चार पावलं गेलो आणि थांबलो. सप्टेंबर-ऑक्टोबरात याच ठिकाणी रस्त्यावर उजेडाचा पट्टा असायचा. वरच्या खोलीत साडेचारला ट्यूब लागायची, पोळ्यांचा आवाज यायचा.

परत येऊन दार वाजवलं. “ताई, पहाटेचा स्वयंपाक बंद केलात का?”

“बंद नाही काका, खाली आणला. दिवाळीत मुलं गावी गेली, तेव्हा खालचा ओटा करून घेतला. सासूबाईंना जिने होत नाहीत.”

“कधीपासून?”

“वसुबारसेच्या आदल्या दिवशी वरची शेगडी काढली.”

म्हणजे 8 नोव्हेंबर. कॅलेंडरवर 19, आणि तिथून उतार.

वरच्या खोलीची ट्यूब पहाटे साडेचारपासून रात्री नऊपर्यंत जळायची आणि खिडकीतून थेट पिंजऱ्यांवर पडायची. सोळा-साडेसोळा तास उजेड. लाव्हीचं अंडाशय उजेडाच्या तासांवर चालतं. प्रकाश डोक्याच्या आत पोचतो, दिवस मोठा आहे असं शरीराला कळतं, तेव्हा संप्रेरकं सुटतात. 14 ते 16 तास हवेत. दिवस लहान झाला की तिच्या लेखी विणीचा हंगाम संपला, शरीर दुकान आवरतं. कोंबडीलाही हे लागू आहे, पण लाव्ही याबाबतीत फार तडक. आणि पुण्याचं असं की आपल्याकडे जूनमधला सगळ्यात मोठा दिवसही सव्वातेरा तासांच्या आतच. डिसेंबरात अकरा. म्हणजे निव्वळ सूर्यावर आपल्या गच्चीत लाव्ही वर्षातल्या कुठल्याच महिन्यात पुरती चालत नाही. या घरात कुणी उजेडाचं नियोजन केलंच नव्हतं. चाळीस मुलांच्या पोळ्यांनी ते आपोआप केलं होतं. मुलं दिवाळीला गेली आणि अंडीही गेली.

खाद्याचं माझं निदान अगदी खोटं नव्हतं, पिसांपुरतं खरं होतं. दहा-अकरा दिवसांत खाद्य, फटाके आणि अंधार, तिन्ही आले. त्यातलं मला जे कोंबड्यांमुळे ओळखीचं होतं, ते मी पकडलं. ताईंनी आधी सांगितलं नाही, कारण स्वयंपाक खाली नेण्याचा पक्ष्यांशी संबंध असेल हे कुणाच्या ध्यानातच येणार नाही. मीही विचारलं होतं ते “पक्ष्यांचं काही बदललं का?” असं. घराचं काय बदललं, हे विचारलं नव्हतं.

6 डिसेंबरला नऊ वॅटचा एलईडी बल्ब दोन पिंजऱ्यांच्या मधोमध टांगला, पिवळसर उजेडाचा, आणि टायमर लावला. पहाटे पाच ते उजाडेपर्यंत, संध्याकाळी साडेपाच ते नऊ. मध्ये खंड पडू द्यायचा नाही, आज नऊ उद्या अकरा असंही नाही. खालच्या मजल्यावरच्या पिंजऱ्यात सावली पडत होती, म्हणून तिथे दुसरा छोटा बल्ब. वाऱ्याच्या बाजूने पोत्याचा पडदा, कारण त्या आठवड्यात पहाटे चांगलंच गार होतं.

पहिले दहा दिवस काहीच फरक नाही. 4, 5, 3, 5. नवरा विजेच्या बिलाबद्दल बोलू लागला. बल्ब नऊ वॅटचा, तेव्हा त्या बोलण्यामागे बिल नव्हतं, हे मला समजत होतं. मी या वेळी छाती ठोकली नाही. आखडलेलं अंडाशय पुन्हा भरायला दोन-तीन आठवडे लागतात, एवढंच म्हणालो आणि फिरायची वाट बदलली. 18 तारखेला 8. 24 ला 13. 31 डिसेंबरला 22 माद्यांची 17. जानेवारीत 18 वर स्थिरावली. दोन माद्या पुन्हा घालू लागल्याच नाहीत. का, ते मला सांगता येत नाही. त्या दोघींचं काय करायचं यावर घरात अजून एकमत नाही. मुलीने त्यांचीही नावं ठेवली आहेत.

जानेवारीत गेलो तेव्हा आजी नवं कॅलेंडर घेऊन बसल्या होत्या. 2024 ची गटारी 4 ऑगस्टला, रविवारी. तिथून त्या बोटांवर आठवडे मागे मोजत होत्या. पाच आठवडे मोजून जूनच्या शेवटच्या रविवारपाशी थांबल्या आणि पेन्सिलीने गोल केला. “डॉक्टर, पिल्लं या दिवशी. आणि या खेपेला 60 नको, 30 पुरेत.” मग जरा थांबून म्हणाल्या, “पण पोरीला सांगू नका.”